डोळ्यातून पाणी येते? आधी निचरा तपासा

मोरीत पाणी तुंबले की माणूस नळाला दोष देत नाही, जाळी तपासतो. डोळ्यातून सतत पाणी येऊ लागले की मात्र हे व्यवहारज्ञान गळून पडते. औषधाच्या दुकानातून थेंबांची बाटली येते. ती संपते, पाणी थांबत नाही. मग दुसरी येते.

अश्रुग्रंथी वरच्या पापणीच्या बाहेरच्या बाजूला, भुवईच्या हाडाखाली असते. तिथले पाणी पापण्यांच्या उघडझापीने डोळाभर पसरते. पापण्यांच्या कडेच्या ग्रंथी त्यावर तेलाचा पातळ थर देतात, म्हणून ते लगेच उडून जात नाही. नंतर हे पाणी नाकाजवळच्या कोपऱ्यात पोहोचते. तिथे दोन्ही पापण्यांवर एकेक बारीक छिद्र असते. त्यातून अश्रुपिशवीत आणि पुढे नळीने नाकात त्याचा निचरा होतो. रडताना नाक वाहते ते यामुळेच.

ही वाट अडली, तर थेंब ती उघडू शकत नाहीत. नवजात बाळात नळीचे खालचे टोक कधीकधी पातळ पडद्याने बंद असते. बहुतेक बाळांत ते वर्षभरात उघडते. डॉक्टरांकडून शिकून घेतलेला कोपऱ्यावरचा मसाज पुरतो. काजळ मुळीच नको. उतारवयात पापणी सैल पडून छिद्र बाहेर वळते किंवा नळी बुजते. पिशवीत पाणी साठून पू होतो आणि कोपरा दाबला की चिकट स्राव येतो. कोरड्या डोळ्यातूनही पाणी येते, हे आणखी एक कोडे. म्हणून अंदाजाने औषध नको. स्टेरॉइडचे थेंब सल्ल्याविना महिनोन्‌महिने घातले, तर डोळ्यातला दाब वाढून दृष्टी कायमची जाऊ शकते.

खरा धोका मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेत आहे. पिशवीतला जंतुसंसर्ग डोळ्याच्या आत शिरला, तर परत मिळू पाहणारी नजरच गमावण्याची वेळ येते. त्यासाठी शस्त्रक्रियेआधी अश्रुमार्गाची तपासणी करतात. कोपरा दाबून पाहतात, गरज वाटल्यास छिद्रातून पाणी सोडून ते घशात उतरते का हे बघतात. काम काही मिनिटांचे. गर्दीच्या शिबिरातही ते टळता कामा नये. दोष सापडल्यास शस्त्रक्रिया पुढे ढकलली जाते आणि नातेवाईक नाराज होतात. तो खोळंबा नव्हे. रुग्णाचा डोळा राखण्याची ती पहिली पायरी आहे.