इंदूरचा धडा आणि युरियाची खैरात

मक्याच्या उभ्या पिकात युरियाच्या मुठी भिरकावल्या, पाने हिरवीगार झाली, की शेती सुधारली, असे मानणाऱ्यांना आमचा एकच सवाल आहे : त्या मुठीतले नत्र कणसापर्यंत किती पोहोचले? युरियात शेकडा 46 भाग नत्र असते खरे. परंतु तो ओलसर जमिनीवर उघडा पडला, की त्यातील बराच अंश अमोनिया होऊन हवेत उडतो, आणि मुसळधार पावसात काही भाग नायट्रेटच्या रूपाने विहिरीच्या पाण्यात उतरतो. पैसा शेतकऱ्याचा आणि सरकारी तिजोरीचा. धनी मात्र वारा!

याचे खापर एकट्या शेतकऱ्याच्या माथी फोडणे हा शुद्ध अन्याय होय. 2010 साली स्फुरद व पालाश खतांचे अनुदान अन्नद्रव्यांच्या प्रमाणाशी जोडण्यात आले. युरिया तेवढा वगळला. 2018 साली 45 किलोच्या गोणीचा मूळ भाव 242 रुपये ठरला. जे स्वस्त, तेच हात सैल सोडून टाकले जाणार, हे कळण्यास अर्थशास्त्राची पदवी लागत नाही.

आणि हे घडते कोठे? ज्या देशातील इंदूरने जगाला खताचा धडा दिला, तेथे! होळकर दरबाराने दिलेल्या जमिनीवर 1924 साली उभ्या राहिलेल्या संशोधन संस्थेत अल्बर्ट हॉवर्ड व यशवंत वाड यांनी काडीकचरा, शेण, गुरांच्या मूत्राने भिजलेली माती आणि राख यांचे थर खड्ड्यात रचले, ते तीनदा चाळवले आणि सुमारे 3 महिन्यांत कसदार खत सिद्ध केले. 1931 साली दोघांच्या नावे ग्रंथ निघाला. जगाने हॉवर्डना डोक्यावर घेतले. वाडांचे नाव आपल्यापैकी कितीजणांस ठाऊक आहे?

आम्ही वरखतांचे वैरी नव्हे. संकरित मक्यास हेक्टरी 120 किलो नत्राची शिफारस आहे; ती भूक नुसत्या कंपोस्टने भागणार नाही. पण पाया कंपोस्टचा असावा आणि नत्र तीन हप्त्यांत द्यावे : पेरणीबरोबर, पीक गुडघाभर झाल्यावर व तुरा येण्याच्या सुमारास, तेही वाफशावर, ओळीलगत, मातीआड.

नगरवासीयांनो, हा प्रश्न आपला नव्हे असे म्हणू नका. त्या गोणीचे उरलेले मोल तुमच्या करातून जाते, त्या विहिरीचे पाणी तुमच्याही घड्यात येते, आणि कंपोस्टला हवा असलेला ओला कचरा तुम्हीच रोज फेकून देता. सरकारने अनुदानाचा तराजू सरळ धरावा, एवढीच आमची मागणी आहे. माती मुकी असते. म्हणून तिचा हिशेब चुकत नाही!