पाटीवर जागा मिळाली, रंगमंचाचं काय?

अकोला जिल्ह्यातलं पातूर माझ्या आजोळापासून फार लांब नाही. तिथल्या नगर परिषदेच्या पाटीवर मराठीसोबत उर्दूतही नाव लिहिलेलं आहे. एका माजी नगरसेविकेने त्यावर हरकत घेतली आणि हा वाद थेट सर्वोच्च न्यायालयात गेला. १५ एप्रिल २०२५ रोजी न्या. सुधांशू धुलिया आणि न्या. के. विनोद चंद्रन यांच्या पीठाने निकाल दिला की, राज्याच्या २०२२च्या कायद्याने स्थानिक संस्थांच्या कारभारात मराठी बंधनकारक केली असली, तरी पाटीवर जोडीने उर्दू लिहायला मनाई केलेली नाही. भाषेला धर्म समजू नका, असंही न्यायालयाने स्पष्ट शब्दांत सांगितलं. पातूरच्या नगर परिषदेत १९५६पासून उर्दू वापरात आहे, हे तिथल्या परिषदेने आधीच नोंदवलं होतं.

त्या दिवशी आपल्या सगळ्या ग्रुपवर या निकालाच्या बातम्या फिरल्या. मीही चार जणांना पाठवल्या. आनंद खरा होता. पण पाटीवर चार अक्षरं राहू देण्यासाठी पालिकेला वेगळे पैसे खर्च करावे लागत नाहीत. शहराच्या पैशातून नाटक, संगीत, लोककला, कविसंमेलन यांना जेव्हा मदत मिळते, तेव्हा त्या यादीत आपण कुठे असतो, हा प्रश्न अजून कोणी विचारलेला नाही.

मला तो विचारावासा वाटला, त्याला कारण आहे. दोन वर्षांपूर्वी अमरावतीत आम्ही सात-आठ जणांनी एक एकांकिका बसवली. सगळे नोकरी-धंद्यातले. संहिता मराठीत, दोन पात्रं घरात बोलतात तशी दखनी बोलणारी, एक म्हातारा अस्सल वऱ्हाडी. सभागृहाच्या भाड्यात काही मदत मिळते का, हे विचारायला मी एका कार्यालयात गेलो. टेबलावरच्या गृहस्थांनी माझं नाव वाचलं आणि आपुलकीनेच म्हणाले, “तुमच्यासाठी थे उर्दूवालं वायलं खातं आहे न भौ, तिकडं जा.” मग उर्दूसाठी काम करणाऱ्या एका संस्थेत गेलो. तिथल्या साहेबांनी संहिता चाळली आणि विचारलं, “नाटक मराठीत आहे, मग इथे कशाला आलात?” दोघंही वाईट माणसं नव्हती. दोघांकडे खिडक्या होत्या, आणि आम्ही कोणत्याच खिडकीत बसत नव्हतो. शेवटी आम्ही वर्गणी काढली, एका शाळेच्या हॉलमध्ये प्रयोग केला आणि तिथेच थांबलो.

अडचण माणसांची कमी आणि रचनेची जास्त आहे. महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियम, १९४९ मध्ये पालिकेच्या कामांची दोन भागांत वाटणी आहे. पाणी, रस्ते, गटारं ही कलम ६३खाली बंधनकारक. सांस्कृतिक स्वरूपाची बहुतेक कामं कलम ६६खाली ऐच्छिक. ऐच्छिक म्हणजे केली तर केली. आणि जिथे नियम लिहिलेला नसतो, तिथे ओळख चालते. आपल्याकडे मुशायरा होतो तो बहुधा कुठल्या तरी नेत्याच्या फलकाखाली. कव्वालीचा कार्यक्रम निवडणुकीच्या आसपास उगवतो. आपण टाळ्या वाजवतो आणि त्याला उपकार समजतो. हा आपल्याच करातला पैसा असू शकतो आणि त्यासाठी साधा अर्ज करता यायला हवा, हे आपल्या मनातही येत नाही.

यात आणखी एक बोच आहे. नोव्हेंबर २०२१मध्ये अमरावती पेटली, मे २०२३मध्ये अकोला. संचारबंदी लागली, इंटरनेट बंद झालं. असं काही घडलं की मोहल्ल्यातल्या वडीलधाऱ्यांना शांतता समितीच्या बैठकीला बोलावणं येतं. ते जातात, जायलाच हवं. पण शहराने आपल्याला फक्त तणावाच्या दिवशी आठवावं आणि आपणही फक्त त्याच दिवशी सार्वजनिक खुर्चीवर बसावं, यात शहराचंही भलं नाही.

कामामुळे माझा अमेरिकेतल्या सॅन फ्रान्सिस्को शहराशी रोजचा संबंध येतो. त्या शहराने १९६१मध्ये हॉटेल-कराच्या उत्पन्नातला वाटा कलांना द्यायला सुरुवात केली. पण मोठा हिस्सा ऑपेरा, सिम्फनी, बॅले अशा प्रस्थापित संस्थांकडे जाई. कृष्णवर्णीय, लॅटिनो, आशियाई, मूळनिवासी कलावंतांनी वर्षानुवर्षं तक्रार लावून धरली, आणि १९९३मध्ये सांस्कृतिक समतेसाठी वेगळी अनुदान योजना उभी राहिली. २०१८मध्ये तिथल्या मतदारांनी थेट मतदान करून हॉटेल-कराचा वाटा कलांसाठी पक्का केला. तिथेही भांडणं आहेत. पण अर्ज कधी करायचा, कोण तपासणार, कोणाला किती मिळाले, हे कोणालाही पाहता येतं. आपल्या शहरांकडे तेवढा पैसा नाही, हे मान्य. नियम लिहायला मात्र पैसा लागत नाही.

मग आपण मुसलमानांसाठी राखीव कला-निधी मागायचा का? मला तसं वाटत नाही. तो मिळाला तर आणखी एक वेगळी खिडकी तयार होईल, आणि आमच्या एकांकिकेसारख्या गोष्टी पुन्हा बाहेर राहतील. वऱ्हाडची संस्कृती अशी कप्प्यांत घडलेलीच नाही. १५ एप्रिल हा पातूरच्या निकालाचा दिवस, तसाच तो सुरेश भटांचा जन्मदिवस. १९३२मध्ये अमरावतीत जन्मलेल्या या कवीने फारसी-उर्दूतून आलेली गझल मराठीत अशी रुजवली की ती आता परकी वाटत नाही. नागपूर महापालिकेच्या मोठ्या सभागृहाला आज त्यांचं नाव आहे. उलट बाजूनेही पाहा. ‘योगसंग्राम’ लिहिणारे शेख महंमद, लावणी रचणारे सगनभाऊ, संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीत मैदानं गाजवणारे शाहीर अमर शेख, हे सगळे मराठीचेच. १९९०मध्ये यू. म. पठाण पुण्याच्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष होते, आणि त्याच वर्षी सोलापुरात पहिलं मुस्लिम मराठी साहित्य संमेलन भरलं. दोन्हींची गरज होती.

म्हणून मागणी खुली असावी. दोन्ही महापालिकांनी छोट्या कला-अनुदानाचे नियम लिहावेत. वर्षातून एकदा जाहीर अर्ज मागवावेत, मराठी, हिंदी आणि उर्दूत. नोंदणीकृत संस्थेसोबत एकट्या कलावंतालाही अर्ज करता यावा, कारण खंजिरी वाजवणाऱ्या फकिराकडे किंवा दंडार करणाऱ्या पोरांकडे लेखापरीक्षणाचे कागद नसतात. पहिल्यांदा अर्ज करणाऱ्यांसाठी काही रक्कम बाजूला ठेवावी. परीक्षकांत वेगवेगळ्या वस्त्यांतले कलावंत असावेत, स्त्रियाही. निकालाची यादी कारणांसह संकेतस्थळावर टाकावी. संविधानाचं कलम ५१क आपल्या संमिश्र संस्कृतीचा वारसा जपणं हे प्रत्येक नागरिकाचं कर्तव्य मानतं. पालिकेने नागरिकांना ते पार पाडायला थोडी मदत करावी, एवढंच हे मागणं.

“आधी पाणी आणि रस्ते, मग नाटकं,” असं कोणी म्हणेल. पाणी आणि रस्ते आधीच, याबद्दल वाद नाही. पण सांस्कृतिक कार्यक्रमांवर आजही खर्च होतोच. तो उघड नियमाने व्हावा, इतकंच म्हणणं आहे.

दुसरा आक्षेप आपल्या घरातला आहे. “गाणंबजावणं आपल्यात चालत नाही.” ज्याला पटत नाही त्याने दूर राहावं, तो त्याचा हक्क. पण माझी अम्मी लग्नघरात ढोलक घेऊन बसायची, ते गाणं आम्हीच हळूहळू बंद केलं आणि कोणी लिहूनही ठेवलं नाही. मुशायऱ्यात आपल्या किती मुलींना स्टेजवर बोलावलं, तेही मोजून पाहा. पालिकेकडे बरोबरीने वागवायची मागणी करायची तर हा हिशेबही मांडावा लागेल.

२०२२पासून दोन्ही महापालिकांवर प्रशासक होते. जानेवारी २०२६च्या निवडणुकीनंतर पुन्हा नगरसेवक आले आहेत. आयुक्त अंदाजपत्रक स्थायी समितीपुढे मांडतात आणि मग ते सर्वसाधारण सभेत जातं. त्याआधी आपल्या प्रभागाच्या नगरसेवकाला एक पानी निवेदन द्या, मग तो कोणत्याही पक्षाचा असो. गेल्या तीन वर्षांत सांस्कृतिक कार्यक्रमांवर किती खर्च झाला आणि तो कोणाला मिळाला, याची माहिती २००५च्या माहिती अधिकार कायद्याखाली मागा; दहा रुपयांचं काम आहे. निवेदनावर शेजारच्या भजनी मंडळाची आणि भीमगीतं गाणाऱ्या गटाचीही सही घ्या, त्यांची अडचण आपल्याहून फार वेगळी नाही.

आमची एकांकिका अजून ट्रंकेत आहे. मी माझा माहिती अधिकाराचा अर्ज या आठवड्यात टाकतो आहे. अमरावती आणि अकोल्यातून आणखी कोण टाकणार, ते कळवा.