चंद्र कोणाच्या वाट्याचा?

२०४० पर्यंत भारतीय माणूस चंद्रावर उतरवण्याचे उद्दिष्ट सरकारने २०२३ साली जाहीर केले. मुलांना ‘अंतराळवीर व्हा’ असा उपदेश करणाऱ्यांना तेव्हापासून ऊत आला आहे. ‘आधी भाकरी, मग चंद्र’ हा आपल्यापैकी काहींचा युक्तिवाद मला मान्य नाही. या वाटेवरचे पहिले पाऊल असलेल्या गगनयानाचा सुधारित खर्च २०,१९३ कोटी रुपये, तोही अनेक वर्षांत विभागलेला. तेवढे वाचवून दारिद्र्य हटत नाही. हे साधे अंकगणित आहे.

प्रश्न प्रवेशाचा आहे. गगनयानासाठी निवडलेले चौघेही वायुदलाचे चाचणी-वैमानिक. १९८४ साली अंतराळात गेलेले राकेश शर्माही तसेच. त्या पदाची वाट बारावीच्या गणित-भौतिकशास्त्रातून जाते. आमच्या नंदुरबार जिल्ह्यातील कळसाडीसारख्या गावातून ऊसतोडीला गुजरातेत जाणाऱ्या मजुराच्या मुलीने ती कोठून धरावी? उपदेशक हे सांगत नाहीत. याच जिल्ह्यातील टेंभलीत २९ सप्टेंबर २०१० रोजी देशातले पहिले आधार क्रमांक वाटायला खुद्द पंतप्रधान आले होते. राज्यकर्त्यांना सातपुड्याचा पायथा सापडतो, पण समारंभापुरता!

म्हणून कार्यकर्त्यांनी चंद्रमोहिमेविरुद्ध घोषणा देण्यात शक्ती घालवू नये. दर माध्यमिक शाळेला विज्ञानाचा पात्र शिक्षक आणि चालू प्रयोगशाळा, स्थलांतरितांच्या मुलांना वेळेवर उघडणारी हंगामी वसतिगृहे, या मागण्यांसाठी जिल्हा परिषदेवर मोर्चा न्यावा. ऊसतोडीचा हंगाम सुरू होण्यापूर्वीच.