सहा मिलिमीटरचे सैन्य

पत्त्यांचे डाव रात्र रात्र रंगवणाऱ्या माणसाला आपल्याकडे कुणी हसत नाही. बुद्धिबळाच्या पटापुढे डोके धरून बसणाऱ्याकडे तर आदरानेच पाहिले जाते. पण एखादा संसारी गृहस्थ डोळ्याला भिंग लावून तांदळाच्या दाण्याएवढ्या शिपायाच्या खांद्यावर पिवळा ठिपका देताना दिसला, की घरच्यांच्या आणि शेजाऱ्यांच्या चेहऱ्यावर एक विशिष्ट हसू उमटते. मी हा उद्योग करतो, त्यामुळे ते हसू माझ्या चांगल्या परिचयाचे आहे. त्याबद्दल माझी तक्रार नाही. माझे म्हणणे एवढेच, की या छंदात हसण्यासारखे जे आहे ते चटकन दिसते आणि विचार करण्यासारखे जे आहे ते नजरेतून निसटते.

आधी हा प्रकार काय आहे ते सांगायला हवे. साधारण सहा फूट लांब आणि चार फूट रुंद टेबलावर एक मुलूख उभारायचा. टेकड्या, रस्ते, कारखाने, उद्ध्वस्त शहरे, एखाद्या परक्या ग्रहावरची वसाहत. त्यावर दोन बाजूंची छोटी सैन्ये मांडायची आणि फासे, मोजपट्टी व नियमांचे पुस्तक घेऊन लढाई खेळायची. विज्ञानकथेतली लढाई असल्यामुळे सैन्य भविष्यकाळातले: रणगाडे, चालणारी अवाढव्य यंत्रे, चिलखती पायदळ. हा छंद प्रामुख्याने इंग्लंड-अमेरिकेत वाढला. त्यातला सर्वांत लोकप्रिय आकार २८ मिलिमीटरचा; म्हणजे माणूस एक इंचाहून किंचित उंच. मी ज्याच्याबद्दल लिहितो आहे तो आकार सहा मिलिमीटरचा. प्रमाण सुमारे १:३००.

एवढे लहान कशासाठी, असा प्रश्न साहजिक आहे. उत्तर हिशेबात आहे. २८ मिलिमीटरच्या शिपायाचे प्रमाण ढोबळमानाने १:६० धरले, तर सहा फुटांचे टेबल म्हणजे जेमतेम ११० मीटरचे मैदान. साधी रायफलसुद्धा त्याच्या पलीकडे मारा करते. म्हणजे ज्याला आपण रणांगण म्हणतो ते प्रत्यक्षात एखाद्या वाड्याचे अंगण असते. सहा मिलिमीटरमध्ये तेच टेबल साडेपाचशे मीटरचे होते. गाव, नदी, गावाबाहेरची टेकडी आणि टेकडीमागे दडलेली राखीव तुकडी हे सगळे एका नजरेत येते. शिपाई लहान झाला की भूमी मोठी होते. या खेळात नायक शिपाई नसतो; नायक असतो तो प्रदेश.

आता रंगकामाबद्दल. एवढ्याशा आकृतीसाठी एका केसाचा ब्रश लागत असेल, असा सर्वसाधारण समज आहे. तसे नाही. फार बारीक ब्रशवर रंग टिकत नाही, कागदाजवळ नेईतो वाळतो. ब्रश मध्यम हवा, फक्त त्याचे टोक शाबूत हवे. खरी अडचण निराळीच आहे. दुकानातून आणलेला गडद निळा रंग मोठ्या वस्तूवर निळा दिसतो. सहा मिलिमीटरच्या शिपायावर तो हातभर अंतरावरून काळा दिसतो. रंगाचे क्षेत्रफळ जितके कमी तितका तो डोळ्याला मंद भासतो. म्हणून अस्तर पांढरे किंवा फिकट राखी द्यायचे आणि रंग मनात असेल त्यापेक्षा दोन पायऱ्या उजळ घ्यायचा. मग पातळ काळपट रंगाचा एक हात फिरवायचा. तो खाचांत उतरतो आणि सावल्या आपोआप पडतात. शेवटी ब्रश फडक्यावर जवळजवळ कोरडा करून हलकेच घासायचा. उंचवट्यांवर तेवढा उजेड चढतो. डोळे, बोटे, बटणे रंगवायची नाहीत. पाच शिपाई एका पट्टीवर उभे असतात आणि पाहणाऱ्याची नजर त्या पाचांना एकत्रच वाचते.

हे सगळे तपशील मी मुद्दाम दिले. कारण यात एक शिस्त आहे आणि ती आपल्या आजच्या सवयींच्या विरुद्ध जाणारी आहे. काय दाखवायचे याच्याइतकेच काय गाळायचे हे इथे ठरवावे लागते. शंभर शिपाई रंगवायला काही आठवडे लागतात आणि त्या आठवड्यांत माणूस कुठलेही बटण दाबून पुढे जाऊ शकत नाही. रंग वाळेपर्यंत थांबणे भाग असते.

भूमी तयार करण्याचे काम तर याहून गमतीचे. त्यासाठी लागणारा बहुतेक माल घरातल्या कचऱ्याच्या टोपलीत असतो. औषधाच्या गोळ्या संपल्यावर उरलेली प्लॅस्टिकची पट्टी उलटी केली की परग्रहावरच्या वसाहतीचे घुमट तयार. संपलेल्या पेनाचे टोपण म्हणजे कारखान्याची चिमणी. बिघडलेल्या रेडिओतली सर्किटची पाटी कापली तर शहरातल्या इमारतींची छपरे होतात. पॉलिश पेपरचा रस्ता, रंगवलेल्या लाकडी भुशाचे गवत, जाड रांगोळीचे वाळवंट, काथ्याची झुडपे. टीव्हीच्या खोक्यातल्या थर्माकोलच्या टेकड्या. फक्त त्यावर थेट स्प्रेचा रंग मारायचा नाही, नाहीतर टेकडी डोळ्यांदेखत विरघळते. आधी फेविकॉल आणि भिंतीचा रंग एकत्र करून लेप द्यावा लागतो. आणि सगळ्यात महत्त्वाचे म्हणजे दार. पुठ्ठ्याचा डबा हा डबाच असतो; त्याच्या तळाशी सात मिलिमीटर उंचीचे एक दार चिकटवले की त्याच क्षणी तो दहा मजली इमारत होतो. माणूस कुठून आत जातो हे कळले की डोळा बाकीचे माप स्वतःच लावतो.

टाकाऊतून परग्रह उभारण्याची ही रीत हौशी लोकांपुरती नाही. १९७७ च्या ‘स्टार वॉर्स’ चित्रपटातली अवकाशयाने घडवताना कारागिरांनी बाजारात मिळणाऱ्या रणगाड्यांच्या आणि विमानांच्या प्लॅस्टिक संचातले सुटे भाग यानांच्या अंगावर चिकटवले होते. आणि मराठी वाचकाला तर यात नवल वाटण्याचे कारणच नाही. दिवाळीत अंगणात किल्ला करणारी आपली मुले दुसरे काय करतात? दगड-विटांचा ढीग, वर भिजवलेले गोणपाट, त्यावर मातीचा लेप, अळीव आणि मोहरी पेरून उगवलेले रान, आरशाच्या तुकड्याचे तळे आणि वर सिंहासनावर महाराज. मावळा दरवाजापेक्षा उंच आणि वाघ हत्तीपेक्षा मोठा असतो हे खरे; पण बुरूज कुठे हवा, पाणी कुठे साठेल, चोरवाट कुठून निघेल याचा विचार ती मुले करतात. प्रदेश हाताने घडवल्याशिवाय तो डोक्यात शिरत नाही, हे त्यांना कुणी शिकवावे लागत नाही. फरक इतकाच, की तिकडे हे काम प्रौढांचे मानले गेले आणि इकडे आपण आवाज फुटला की मुलाला किल्ल्यावरून उठवतो.

आता मुद्द्यावर येतो. या छंदातली सर्वांत मोठी कंपनी म्हणजे गेम्स वर्कशॉप. १९७५ मध्ये लंडनमध्ये तीन मित्रांनी ती सुरू केली. आज तिचे ठाणे नॉटिंगहॅमला आहे आणि डिसेंबर २०२४ मध्ये ती लंडनच्या शेअर बाजारातल्या पहिल्या शंभर कंपन्यांत जाऊन बसली. तिने १९८७ मध्ये ‘वॉरहॅमर ४०,०००’ हा खेळ काढला आणि १९८८ मध्ये त्याच विश्वातला छोट्या आकाराचा ‘अॅडेप्टस टायटॅनिकस’. या दुसऱ्या खेळाच्या खोक्यात सहा यंत्रमानव आणि थर्माकोलच्या इमारती होत्या. गंमत अशी, की सहाही यंत्रमानव एकाच साच्यातले होते, कारण दुसऱ्या साच्याचा खर्च परवडणारा नव्हता. मग दोन्ही बाजूंचे सैन्य सारखेच का, याला कारण हवे. म्हणून ही यादवी आहे असे ठरवण्यात आले. त्या एका काटकसरीतून पुढे केवढे महाभारत वाढले! २००६ पासून त्या यादवीवर पन्नासहून अधिक पुस्तकांची मालिका निघाली.

मला या कथेत एक बोध दिसतो. कल्पना ही टंचाईतून फुलते. सगळे साचे, सगळे रंग, सगळ्या इमारती आयत्या मिळाल्या असत्या तर ती यादवी कुणाला सुचली नसती. परंतु धंद्याची वाट नेमकी उलट दिशेने जाते. कुठल्या पलटणीचा रंग कोणता, तो कुठल्या डबीतला, पायाखालची माती कुठल्या बाटलीतली, हे सारे छापून येते. इमारतीही तयार मिळतात. पुढच्या काळात त्या कंपनीने सहा मिलिमीटरचा खेळच बाजारातून काढून घेतला. हाडाचे खेळाडू मात्र थांबले नाहीत. त्यांनी जुने नियम दुरुस्त केले, आपापसांत वाटले, छोट्या कारखानदारांकडून शिपाई घेतले आणि खेळ चालू ठेवला. कंपनी २०१८ मध्ये यंत्रमानव घेऊन आणि २०२३ मध्ये पायदळ घेऊन परतली, तेव्हा नवे शिपाई जुन्यांपेक्षा थोडे उंच होते. जुने सैन्य त्यांच्या शेजारी खुजे दिसावे आणि गिऱ्हाइकाने सगळे नव्याने घ्यावे, असा त्यात हेतू होता की नाही हे मी सांगू शकत नाही. परिणाम मात्र तोच झाला.

आपल्याकडे तर परदेशी माल मागवणे आणखी जड झाले. खेळण्यांवरील आयात कर २०२० मध्ये २० टक्क्यांवरून ६० टक्क्यांवर आणि २०२३ मध्ये ७० टक्क्यांवर नेण्यात आला. याचा मला त्रास झाला, पण दुःख झाले नाही. शिपाई महाग झाले म्हणून मी भूमीकडे वळलो आणि भूमीला कर लागत नाही. हल्ली घरी यंत्रावर शिपाई छापून घेण्याची सोय झाली आहे. काही जण त्याला पाखंड समजतात. मला तसे वाटत नाही. शिपाई साच्यातून आला की यंत्रातून, हा प्रश्न गौण आहे. तो आल्यावर त्याला कुठला रंग द्यायचा, त्याची बाजू कोणती, तो कशासाठी लढतो हे ठरवतो कोण, हा प्रश्न मुख्य आहे.

इथे सर्वांत गंभीर आक्षेप समोर येतो. युद्धाचा खेळ कशाला? जगात खरी युद्धे थोडी आहेत का? हा आक्षेप उडवून लावण्यासारखा नाही. आपल्या चतुरंगापासून या खेळांचे सैन्याशी नाते आहे. प्रशियात राइसवित्झ या अधिकाऱ्याने १८२४ मध्ये नकाशावरच्या युद्धखेळाचे नियम सिद्ध केले आणि तिथल्या सेनानींनी तो अधिकाऱ्यांच्या शिक्षणासाठी स्वीकारला. म्हणजे हा खेळ निरागस नाही. दुसरीकडे एच. जी. वेल्स. परग्रहावरच्या स्वारीची कादंबरी १८९८ मध्ये लिहिणाऱ्या या लेखकाने १९१३ मध्ये ‘लिटल वॉर्स’ हे खेळण्यातल्या शिपायांच्या लढाईचे पुस्तक लिहिले. ज्ञानकोशाचे खंड मांडून तो डोंगर करायचा. हा खेळ तीन-चार वेळा खेळला तरी खरे युद्ध किती आंधळे आणि गलथान असेल हे कळते, असे त्याचे प्रतिपादन होते. पुढच्याच वर्षी पहिले महायुद्ध पेटले. खेळाने युद्ध थांबत नाही, हे तेव्हाच सिद्ध झाले.

मग खेळाने होते काय? माझ्या मते ते खेळणाऱ्याच्या हातात असते. ‘वॉरहॅमर’च्या विश्वातले मानवी साम्राज्य मुळात हुकूमशाहीची विडंबना म्हणून रचले गेले. पण ती विडंबना काही जणांना आदर्श वाटू लागली. २०२१ मध्ये स्पेनमधल्या एका स्पर्धेत एक खेळाडू नाझी चिन्हे मिरवत आला आणि त्यानंतर कंपनीला जाहीर निवेदन काढून सांगावे लागले, की हे साम्राज्य अनुकरणासाठी नाही आणि द्वेष पसरवणाऱ्यांना इथे जागा नाही. निवेदन काढले हे चांगलेच झाले. पण तयार रंगाबरोबर तयार शत्रू आणि तयार द्वेषही डबीतून मिळू लागला, की असे एखाद-दुसरे डोके बिघडणारच.

त्यावर उपाय मला एकच दिसतो. सैन्य आपले आपण कल्पावे, भूमी आपल्या हाताने उभी करावी. ज्याने संध्याकाळी संध्याकाळी बसून एक शहर उभारले आहे, चारशे खिडक्या सुरीने कोरल्या आहेत, तो त्या शहरावर तोफ रोखताना क्षणभर थबकतो. तिथे कोण राहत असेल, असा विचार त्याच्या मनात येऊन जातो. हा विचार म्हणजे शांततावाद नव्हे आणि त्याने जगातले एकही युद्ध टळणार नाही. पण फक्त शिपाई विकत घेणाऱ्याच्या मनात तो येण्याचे कारणच नसते.

आपल्याकडे दिवाळीत हल्ली आयते किल्ले रस्त्याकडेला विकायला असतात. रंगवलेले, हलके, बुरूज आणि दरवाजा सगळे जागच्या जागी. घरात माती होत नाही, गोणपाटाचा वास येत नाही, आणि भाऊबीज झाली की ते माळ्यावर ठेवता येतात. पालकांची सोय मला समजते. तरीही माझी विनंती अशी, की यंदा तो आयता किल्ला आणू नये. मुलांना माती आणून द्यावी. आणि शक्य असेल तर मोठ्यांनीही बाह्या वर करून त्या चिखलात हात घालावा. बुरूज कुठे असावा यावर मुलांशी भांडावे. ते भांडण बाजारात विकत मिळत नाही.