अनुदानाच्या अर्जावर आपलेही नाव हवे

गेल्या काही वर्षांत संशोधन-अनुदानांच्या निवेदनांची भाषा पालटली आहे. पूर्वी एखादा व्याधी आणि त्यावरील एखादा कल्प एवढा विषय पुरेसा होत असे. आता कृत्रिम बुद्धिमत्ता, नीती आणि सार्वजनिक धोरण अशा शीर्षकांखाली संयुक्त प्रस्ताव मागविले जातात आणि त्यांत पारंपरिक वैद्यकालाही स्थान मिळू लागले आहे. जुलै २०२५ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघ व जागतिक बौद्धिक संपदा संघटना यांच्यासह पारंपरिक वैद्यकातील कृत्रिम बुद्धिमत्तेवर एक टिपण प्रसिद्ध केले. विषय जिनिव्हाचा वाटतो खरा. परंतु अशा प्रकल्पांना लागणारा कच्चा माल मुरूड, रेवदंडा, श्रीवर्धन येथील आपल्या दवाखान्यांच्या कपाटांत आहे आणि तो न्यायला माणसे येऊ लागली आहेत.

प्रस्तुत लेखकाकडे दोन वर्षांपूर्वी एका शहरी संस्थेचे प्रतिनिधी आले होते. त्यांना आमवात व संधिवाताचे पाचशे केसपेपर हवे होते. प्रकृती, नाडी, कल्प, अनुपान, उपशय असे सारे यंत्राला शिकवायचे होते. अनुदान मंजूर झालेले, प्रश्न ठरलेला, पद्धतीही ठरलेली. आमचे नाव ऋणनिर्देशात यायचे होते. रुग्णांना कोण विचारणार, असे मी विचारले. नावे खोडून टाकू, असे उत्तर मिळाले. आता आमच्या गावात नाव खोडल्याने माणूस झाकला जात नाही. कोळीवाड्यातील, सुक्या मासळीचा धंदा करणारी, पंचेचाळिशीची, गर्भाशय काढलेली स्त्री एवढे लिहिले की पुढे नाव लिहिण्याची गरज उरत नाही. मी वह्या दिल्या नाहीत. अर्थात, त्याआधी सहाच महिने, फुकट मिळते म्हणून दवाखान्यासाठी घेतलेल्या संगणकप्रणालीच्या करारावर मी न वाचता सही केली होती, हेही येथे कबूल केले पाहिजे.

या बाबतीत कायदा काय म्हणतो हे वैद्यबंधूंनी आणि औषधी-दुकानदारांनीही नीट समजून घ्यावे. २०२३ चा डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण अधिनियम आणि त्याखालील, नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झालेले नियम हे संगणकीय स्वरूपातील माहितीपुरतेच आहेत. बहुतेक कर्तव्यांसाठी अठरा महिन्यांची मुदतही देण्यात आली. म्हणजे कपाटातील कागदी वही या कायद्याच्या कक्षेत येत नाही. तिची पाने यंत्रावर चढविली की येते. आणि चढल्यावरही संशोधन व सांख्यिकी यांसाठी कायद्याने सवलत ठेवली आहे. त्या माहितीवरून त्या व्यक्तीविषयी कोणताही निर्णय घेतला जाऊ नये आणि ठरवून दिलेले निकष पाळावेत, एवढी अट आहे. थोडक्यात, वही देण्यापूर्वी कायदा लागू नाही आणि दिल्यानंतर संशोधनाची वाट मोकळी आहे. या दोहोंच्या मधला क्षण वैद्याच्या हातात आहे. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेची २०१७ ची नीतितत्त्वे आणि कृत्रिम बुद्धिमत्तेविषयीची २०२३ ची मार्गदर्शिका तेथे उपयोगी पडतात. मात्र ती आपण वाचलेली असली पाहिजेत.

दुसरा प्रश्न ज्ञानाच्या मालकीचा. हळदीच्या जखम भरून काढण्याच्या गुणावर अमेरिकेत १९९५ मध्ये दिलेले पेटंट डॉ. रघुनाथ माशेलकर यांच्या नेतृत्वाखाली वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषदेने आव्हान दिल्यावर १९९७ मध्ये रद्द झाले. ते शक्य झाले, कारण लिहिलेला, छापलेला पुरावा हाती होता. पुढे २००१ मध्ये आरंभ झालेल्या पारंपरिक ज्ञान संगणकीय ग्रंथालयाचा पायाही मुख्यतः ग्रंथच. पण आपल्या वह्यांत ग्रंथाबाहेरचेही पुष्कळ असते. कर्जत-पेणकडच्या कातकरी किंवा ठाकर बाईने मुळी आणून देताना सांगितलेली एखादी खूण, एखादा निषेध आपण टिपून ठेवलेला असतो. गुराखी, मेंढपाळ आणि वनवासी यांना वनस्पती नावारूपाने माहीत असतात, हे चरकाचार्यांनीही मान्य केले आहे. जैवविविधता कायद्याच्या २०२३ च्या दुरुस्तीने ग्रंथबद्ध पारंपरिक ज्ञान वापरणाऱ्यांना लाभवाटपातून सूट दिली. ग्रंथात नसलेल्या लोकज्ञानाला ती सूट नाही. हे दोन्ही एकाच केसपेपरवर मिसळून यंत्रात गेले की कोणते कुणाचे हे पुन्हा वेगळे काढता येणार नाही. केरळात कणी समाजाने दाखविलेल्या आरोग्यपच्चा या वनस्पतीपासून ‘जीवनी’ तयार झाले, तेव्हा निदान माहिती कुणी दिली हे ठाऊक होते. म्हणूनच परवान्याच्या उत्पन्नातील अर्धा वाटा त्या समाजासाठी ठेवता आला. रसशाळा चालविणाऱ्या बंधूंनी याकडे विशेष लक्ष द्यावे.

काही ज्येष्ठ म्हणतात, या भानगडीत पडूच नये; दार लावून घ्यावे. मला ते पटत नाही. आपण दार लावले तरी यंत्र तयार होणारच, आणि ते आपल्याला न विचारता तयार होईल. चरकाच्या विमानस्थानात तद्विद्यसंभाषेचा विचार आहे आणि तीत संधाय संभाषेला मानाचे स्थान आहे. सहकार्याचा करार म्हणजे दुसरे काय? मात्र संभाषेत दोन्ही पक्ष बोलतात. म्हणून प्रस्ताव लिहिला जात असतानाच आपण सहअर्जदार असले पाहिजे.

व्यवहार कठीण नाही, पण किचकट आहे. एकट्या दवाखान्याच्या नावावर अनुदान सहसा येत नाही. जिल्हा शाखा आणि एखादे आयुर्वेद महाविद्यालय एकत्र आले, तर आयुष मंत्रालयाच्या ‘आयुर्ज्ञान’ योजनेकडे पाहता येईल. प्रश्न धोरणाचा असेल तर भारतीय सामाजिक विज्ञान संशोधन परिषदेचा विचार करावा. आपल्याकडे तिकडे कुणी फिरकत नाही. नोंदणीकृत नीतिसमितीची मान्यता आधी हवी. परदेशी पैसा असेल तर फारच जपावे: परकीय योगदान कायद्याखालील नोंदणी किंवा पूर्वपरवानगी लागते आणि २०२० च्या दुरुस्तीनंतर एका संस्थेने घेतलेले परकीय योगदान दुसरीकडे वळते करता येत नाही. ‘पैसे आम्ही घेतो, तुमचा वाटा नंतर देऊ’ असे कुणी म्हणाले तर तेथेच थांबावे.

आणि प्रश्न आपला असावा. मुंबईत विजेच्या ट्राम येणार, तेव्हा त्यांच्या प्रवाहाने कुलाब्यातील चुंबकीय निरीक्षणे बिघडतील हे ओळखून १९०४ मध्ये अलिबागला नवी वेधशाळा उभारण्यात आली आणि १९०६ पर्यंत दोन्ही ठिकाणची निरीक्षणे शेजारीशेजारी घेण्यात आली. ट्राम धावल्या त्या १९०७ मध्ये. तशीच दोन वर्षे यंत्राचे निदान आणि वैद्याचे निदान शेजारीशेजारी नोंदवावे, यंत्राचे उत्तर पाहून रुग्णाचे औषध बदलू नये आणि जेथे फरक पडेल तेथे कारण लिहावे, एवढ्या प्रश्नावरही उत्तम प्रस्ताव होईल.

आपण लहान गावातले, आपल्याला कोण विचारणार, ही शंका महाडने केव्हाच खोटी ठरविली आहे. डॉ. हिंमतराव बावस्कर आपल्या शास्त्राचे नव्हेत. पण बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रापासून विंचूदंशाच्या रुग्णांच्या काटेकोर नोंदी ठेवीत ते ‘लॅन्सेट’पर्यंत पोहोचले आणि त्यांची चिकित्सा-चाचणी २०११ मध्ये ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’ने छापली. प्रश्न त्यांचा, नोंदी त्यांच्या आणि नावही त्यांचेच.

शाखेच्या पुढील बैठकीत मी संमतिपत्राचा मराठी मसुदा ठेवणार आहे. तो दोन रुग्णांना वाचून दाखविला. त्यांतील एक आजी शांतपणे ऐकून म्हणाल्या, “वैद्यबुवा, यंत्र चुकलं तर औषध कोण बदलणार, तुम्ही का ते?” मसुद्यात याचे उत्तर नव्हते. त्या कलमाची जागा मी सध्या कोरी ठेवली आहे. ज्यांना सुचेल त्यांनी बैठकीपूर्वी लिहून पाठवावे.