मोटार पारखा चढावर, कागदावर नव्हे

परवा गारखेडा परिसरातल्या एका मोटार वाइंडिंगच्या दुकानात बसलो होतो. विहिरीवरची जळालेली मोटार घेऊन आलेल्या एका पोराने मिस्त्रीला विचारले, "मिस्त्री, ही तीन एचपीची मोटार जुन्या मोटारसायकलला बसवली तर गाडी पळंल का?" मिस्त्री मान वर न करता म्हणाला, "पळंल की. पण विहिरीपासून वायर ओढीत न्यावी लागंल तुला." दुकानात हशा पिकला.

मला मात्र तो प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा वाटला नाही. विजेच्या दुचाकी आता गावोगाव आल्या आहेत. दूध, पेंड, भाजीपाला, फवारणीचा पंप सगळे त्यांच्यावर लादले जाते. गाडी घेताना आपण रंग बघतो, हप्ता विचारतो, 'एका चार्जिंगला किती किलोमीटर' एवढे विचारतो आणि सही करतो. गाडीचा जीव असलेली मोटार कशी आहे, हे कोणी विचारत नाही. खरे तर मोटारीची पारख करणे आपल्या लोकांना नवे नाही. तीन फेजची इंडक्शन मोटार विहिरीवर, बोअरवर, पिठाच्या गिरणीत आपण पिढ्यान्‌पिढ्या बघत आलो.

आधी त्या पोराच्या प्रश्नाचे उत्तर. विहिरीवरची मोटार ४१५ व्होल्टसाठी आणि सेकंदाला ५० आवर्तनांच्या विजेसाठी गुंडाळलेली असते. तीन एचपीला ती साधारण पाच अँपिअर घेते. दुचाकीची बॅटरी ४८, ६० किंवा ७२ व्होल्टची, तीही डीसी. तेवढीच ताकद ४८ व्होल्टवर काढायची तर ५० अँपिअरच्या वर प्रवाह लागतो. म्हणजे वाइंडिंग वेगळे, तारा जाड, आणि मध्ये कंट्रोलर हवा. हा कंट्रोलर बॅटरीच्या डीसी विजेची तीन फेजची एसी वीज करतो आणि ॲक्सिलरेटर पिळाल तशी तिची आवर्तने कमी-जास्त करतो. विहिरीवरच्या चार पोलच्या मोटारीच्या पाटीवर १४४० फेरे लिहिलेले असतात, कारण विजेचे चक्र १५०० फेऱ्यांनी फिरते आणि रोटर थोडा मागे घसरतो. गाडीत ते चक्रच हवे तेवढे हळू-जोरात फिरवता येते. तेव्हा गाडीची मोटार एकटी पारखता येत नाही. मोटार, कंट्रोलर आणि बॅटरी या तिघांची पारख एकत्रच करावी लागते.

आता खरी गोष्ट. खुलताबादकडच्या माझ्या ओळखीच्या एका शेतकऱ्याने हप्त्यावर विजेची दुचाकी घेतली. सपाटीवर गाडी झकास पळाली. आठवड्याने शहरातून सरकी पेंडीचे पोते मागे टाकून तो गावाकडे निघाला. दौलताबादच्या घाटात अर्ध्या वाटेवर गाडी मंदावली आणि थांबली. दहा मिनिटांनी पुन्हा चालू झाली, वळणावर पुन्हा थांबली. विक्रेता म्हणाला, "गाडीत दोष नाही, मोटार गरम झाली की कंट्रोलर आपोआप बंद करतो." तेही खोटे नव्हते. पण हप्ता दर महिन्याला जातोच, आणि पेंड आणायला आता शेजाऱ्याची पेट्रोलची गाडी मागावी लागते.

हिशेब करून बघा. गाडी, माणूस, पोते आणि किरकोळ सामान मिळून अडीचशे किलो वजन धरा. सपाट डांबरी रस्त्यावर ताशी ३० किलोमीटरने जायला चाकाशी साधारण साडेपाचशे-सहाशे वॅट पुरतात. रस्ता पंधरा फुटांना एक फूट चढला, की त्याच वेगाला सुमारे १,९०० वॅट लागतात. तिपटीहून जास्त! वेग कमी केला तर वॅट कमी लागतात, पण ज्याला मेकॅनिक टॉर्क म्हणतात तो फिरवण्याचा जोर तेवढाच लागतो. आणि जोर म्हणजे प्रवाह. प्रवाह दुप्पट झाला की वाइंडिंगमधला ताप चौपट होतो. त्यात आपल्याकडचा मे महिना. तांबे जसे तापते तसा त्याचा विरोध वाढतो. साठ अंश तापले तर जवळपास पावपट जास्त. म्हणजे गरम मोटार आणखी गरम होत जाते.

माहितीपत्रकावर मोठ्या अक्षरात लिहिलेला आकडा बहुधा 'पीक' शक्तीचा असतो, म्हणजे काही सेकंद निघणारी ताकद. बैलही चिखलातून गाडी काढताना क्षणभर दुप्पट जोर लावतो, पण त्या जोरावर दिवसभर नांगर चालत नाही. आपल्याला हवा तो सतत निघणारा आकडा. वाहनांसाठीच्या 'एआयएस ०४१' या मानकात मोटारीची अर्ध्या तासाची कमाल शक्ती मोजण्याची पद्धत ठरवून दिलेली आहे. विक्रेत्याला सरळ विचारा, "अर्ध्या तासाची शक्ती किती? कागदावर दाखवा." ताशी २५ किलोमीटरच्या आतल्या, लायसन्स-पासिंग न लागणाऱ्या गाड्यांना तर ही मर्यादाच २५० वॅटची आहे. वरचा १,९०० चा आकडा आठवा, म्हणजे ती गाडी घाटात पोते ओढण्यासाठी नाही हे उमजेल.

मग आपण फसतो का? मला यात आपल्याही सवयीचा दोष दिसतो. विहिरीवरच्या मोटारीचे मोजमाप आपण कधी केले नाही. बिल अश्वशक्तीवर यायचे. २०२४ पासून साडेसात एचपीपर्यंतच्या शेतीपंपांना वीज मोफत झाली. मोटार दोनदा जळून पुन्हा गुंडाळलेली असो, जास्त प्रवाह खात असो, खिशाला चटका बसत नाही. पाणी पडतंय ना, मग झाले! गाडीचे तसे नाही. तिथे वीज मापून, डब्यात भरून दिलेली असते. मोटारीने जेवढी वाया घालवली, तेवढे अंतर कमी झाले. म्हणून गाडी घेण्याआधी चार गोष्टी स्वतः करून बघा.

पहिली, ओझ्यासह चढ. रिकाम्या गाडीची चक्कर मारून काही कळत नाही. तुम्ही रोज जेवढे वजन नेता तेवढे लादा, तुमच्याच वाटेवरचा सर्वांत अवघड चढ निवडा. चढाच्या मध्यावर गाडी पूर्ण थांबवा आणि तिथूनच पुन्हा काढा. मोटारीची खरी परीक्षा थांबल्या जागेवरून उठण्यात असते.

दुसरी, ताप. ओझ्यासह अर्धा तास चालवा आणि मग तोच चढ पुन्हा चढा. पहिल्या खेपेला किती वेग होता, दुसऱ्या खेपेला किती, हे लिहून ठेवा. वेग बराच पडला तर मोटार किंवा कंट्रोलर तापून हात आखडता घेतो आहे. पाटीवर इन्सुलेशनचा वर्ग बघा: 'बी' असेल तर १३० अंश, 'एफ' १५५, 'एच' १८० अंशांपर्यंत सोसते. मर्यादेपेक्षा दहा अंश जास्त तापवत राहिलात, तर इन्सुलेशनचे आयुष्य निम्म्यावर येते असा ठोकताळा आहे.

तिसरी, उतरलेली बॅटरी. विहिरीवर ४१५ ऐवजी ३०० व्होल्ट आले की मोटार नुसती गुरगुरते, हे तुम्हाला ठाऊक आहे. इंडक्शन मोटारीचा जोर व्होल्टेजच्या वर्गाने कमी होतो, ३०० व्होल्टला तो निम्माच राहतो. गाडीत कंट्रोलर बरेच सांभाळून घेतो, पण बॅटरी पाव राहिली की वेगातला जोर घटतोच. चढाची चाचणी भरल्या बॅटरीवर एकदा आणि पाव बॅटरीवर एकदा घ्या.

चौथी, युनिट. चार्जरच्या मागे एक साधे सबमीटर लावा. बॅटरी पूर्ण भरा, ओझ्यासह रोजच्या वाटेने ४० किलोमीटर चालवा आणि पुन्हा पूर्ण भरा. समजा १.६ युनिट लागले, तर युनिटला २५ किलोमीटर पडले. चार्जरमध्ये वाया गेलेली वीजही यात आली. हा तुमचा स्वतःचा आकडा. घरच्या बिलातल्या दराने गुणा, पेट्रोलशी ताडा, मग बोला. एक मात्र लक्षात ठेवा: शेतीपंपाच्या जोडणीवर गाडी चार्ज करू नका. जोडणी ज्या कामासाठी दिली त्याखेरीज वापरली, तर वीज कायद्याच्या कलम १२६ खाली आकारणी होऊ शकते.

आता इंडक्शन की चुंबकाची मोटार, हा प्रश्न. बाजारातल्या बहुतेक विजेच्या दुचाकींत चुंबकाची मोटार असते. ती वजनाने हलकी असते आणि त्याच बॅटरीवर थोडी जास्त पळवते. इंडक्शन मोटारीत चुंबक नसतो. १८८८ साली निकोला टेस्ला यांनी जिचे पेटंट मिळवले तीच ही मोटार. तेवढ्याच ताकदीला ती जड भरते, रोटरमध्येही थोडी वीज खाते. पण रांगडी असते आणि फार तापल्याने चुंबक दुबळा होण्याची भीती तिला नाही. बंगळुरूत बनलेली महिंद्राची ई-टू-ओ ही छोटी मोटारगाडी २०१३ साली इंडक्शन मोटारीवरच आली होती. चुंबकाचे दुसरेही एक दुखणे आहे. २०२५ च्या एप्रिलमध्ये चीनने दुर्मिळ मूलद्रव्यांच्या चुंबकांच्या निर्यातीवर निर्बंध आणले. आपल्या वाळूजला १९८५ पासून कारखाना असलेल्या बजाज ऑटोनेही, ऑगस्टमध्ये विजेच्या चेतकचे उत्पादन थांबू शकते, असे त्या वर्षी सांगितले होते. त्यामुळे बिनचुंबकाच्या मोटारी उद्या दुचाकीत वाढल्या तर नवल नाही. त्या आल्या तरी नावावर भुलू नका. मोटार कोणत्या जातीची यापेक्षा ती तुमच्या चढावर, तुमच्या उन्हात, तुमचे ओझे किती वेळ ओढते, हे महत्त्वाचे.

सरपंच आणि ग्रामपंचायत अधिकाऱ्यांनाही दोन शब्द. कचऱ्याच्या विजेवरच्या घंटागाड्या आता ग्रामपंचायती घेत आहेत. दरपत्रक मागवताना नुसते 'मोटार इतक्या वॅटची' असे लिहू नका. किती किलो ओझे, गावातला सर्वांत मोठा चढ, सलग किती वेळ काम आणि अर्ध्या तासाची शक्ती किती, हे लिहा. गाडी ताब्यात घेण्याआधी त्याच चढावर ओझ्यासह चाचणी घ्या, पंचनाम्यासारखी नोंद करा, आणि मगच बिल काढा. पैसा गावाचा आहे. शेडमध्ये धूळ खात पडलेली गाडी ग्रामसभेत उत्तर देत नाही, ते तुम्हालाच द्यावे लागते.

जुन्या मोटारसायकलला विजेची मोटार बसवायची असेल, तर परिवहन विभागाची मान्यता असलेला संचच बसवा आणि आरसी बुकावर नोंद करून घ्या. नाहीतर अपघात झाला की विमा हात वर करतो.

त्या पोराला मी शेवटी एवढेच सांगितले, "तुझी विहिरीवरची मोटार विहिरीवरच राहू दे. आधी तिला टाँग टेस्टर लावून ती किती अँपिअर खाते ते बघ, पाटीवरच्या आकड्याशी ताडून बघ. ज्याला विहिरीवरची मोटार मोजता आली, त्याला गाडीची मोटार कोणी गळ्यात मारू शकत नाही." मिस्त्रीने तेवढ्यात टाँग टेस्टर त्याच्या हातात दिला. तुम्हीही या आठवड्यात आपल्या विहिरीवर जाऊन एवढे करून बघा.