घरचा पाहुणा : बजरीगर

बजरीगर हा मूळचा ऑस्ट्रेलियातील माळरानांवर थव्याने राहणारा चिमुकला पोपट. पक्षिशास्त्रज्ञ जॉन गूल्ड यांनी १८४० मध्ये तो इंग्लंडात नेला. थव्यातील दुबळा पक्षी शिकाऱ्याच्या दृष्टीस प्रथम पडतो. म्हणून आजार लपविणे हा त्याचा स्वभाव झाला आहे. पिंजऱ्यातही तो सुटत नाही. मुलांना वाटते, पक्षी झोपला आहे. आणि दुसऱ्या दिवशी पिंजरा रिता होतो.

यास्तव रोज सकाळी पाणी बदलताना त्यास क्षणभर निरखावे. वाटी भरलेली दिसली तरी वरची टरफले फुंकून दाणे पाहावेत. दिवसाही तो पिसे फुलवून गप्प बसला, अथवा श्वासागणिक शेपटी हलू लागली, तर पिंजरा उबदार जागी ठेवून त्याच दिवशी पशुवैद्यास दाखवावे.